बोनसाय एकट्याने शिकायचंय: कुणाचं ऐकावं, कुठून सुरुवात करावी?

मुक्ता_के

नमस्कार मंडळी,

बोनसाय शिकायचं मनात पक्कं झालंय. वर्गाला जाणं जमणार नाही, त्यामुळे जे शिकायचं ते पुस्तकं, व्हिडिओ आणि प्रत्यक्ष झाडं यांच्याकडूनच. गेले काही आठवडे रोज व्हिडिओ बघतेय आणि जितकं बघते तितका गोंधळ वाढतोय. एक जण सांगतो, मुळं एक तृतीयांशच कापा. दुसरा निम्म्याहून जास्त सपासप कापून मोकळा होतो. तिसरा म्हणतो, वर्ष-दोन वर्षं झाडाला हातच लावू नका. एकाच्या कुंडीत माती औषधालाही नाही, नुसती बारीक खडी. दुसरा बागेतली माती आणि शेणखत घालतो. आणि सगळ्यांचीच झाडं टवटवीत!

माझ्याकडे बाल्कनी आहे, सकाळचं ऊन चांगलं येतं. कुंड्यांची सवय जुनी, त्यामुळे झाडं जगवता येतात. बोनसायच्या बाबतीत मात्र पाटी कोरी. तर एकट्याने शिकणाऱ्याने कोणत्या पुस्तकावर, कोणत्या माणसावर विसंबावं? आणि आधी काय, नंतर काय?

निवांत_बसलेला

जागा धरून ठेवतो. हाच प्रश्न मलाही आहे.

रानजाई

व्हिडिओंपैकी मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नायजेल सॉन्डर्स यांच्या 'द बोनसाय झोन'चा. कॅनडातले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तीच ती झाडं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा समोर येतात. आज कापलेली फांदी पुढच्या मोसमात कुठून फुटली, हे त्याच झाडावर बघायला मिळतं. फायकसही भरपूर आहेत, म्हणजे उष्ण प्रदेशातल्यांना ओळखीचं वाटेल.

इंग्लंडच्या हेरन्स बोनसायचे पीटर चॅन यांनाही जरूर ऐक. रोपवाटिकेतलं साधं रोप हातात घेऊन काय ठेवायचं, काय काढायचं हे ते बोलत बोलत ठरवतात. निर्णय कसा होतो ते ऐकायला मिळतं.

रायन नील यांचं 'बोनसाय मिराई' खोल पाण्यातलं आहे. हा माणूस जपानमध्ये बोनसायचे नामवंत कलाकार मासाहिको किमुरा यांच्या हाताखाली शिकलाय, आणि झाडात पाणी आणि साखर कशी फिरते इथपासून सुरुवात करतो. अमूल्य आहे, पण तिकडे जरा सवडीने जा.

दगडफूल

मुक्ता, तुला जे उलटसुलट सल्ले मिळाले ते सगळेच्या सगळे बरोबर असू शकतात. मेख तिथेच आहे.

फायकस, म्हणजे वडा-पिंपळाचं कूळ, वाढीच्या ऐन भरात असेल आणि तब्येतीने चांगलं असेल तर निम्मी मुळं गेली तरी काही आठवड्यांत सावरतं. पाइनला तेच केलंस तर झाड हातचं जाईल. आणि 'हातच लावू नका' म्हणणारा बहुधा नुकत्याच जमिनीतून काढलेल्या जुन्या झाडाबद्दल बोलत असेल. तिथे तो शंभर टक्के खरा आहे. अशा झाडाला आधी नवी मुळं धरू द्यायची, छाटणी-तार सगळं नंतर. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक झाड असतं, आपल्यासमोर दुसरंच असतं, आणि वाक्य मात्र आपण जसंच्या तसं उचलतो.

म्हणून कुठलाही व्हिडिओ लावण्याआधी मी बघते की हा माणूस कुठल्या हवामानात राहतो आणि कुठल्या जातीबद्दल बोलतोय. थंड प्रदेशातली मंडळी सांगतात, वसंताच्या तोंडावर डोळे (फांदीवरचे कोंब) फुगायला लागले की कुंडी बदला. पानगळीच्या झाडांसाठी ते अगदी योग्य आहे. हिवाळाभर झोपलेलं झाड साठवलेल्या शिदोरीवर फुटायच्या बेतात असतं. पण उष्ण प्रदेशातलं फायकस तसं झोपतच नाही. त्याची कुंडी भर उबेत, नवी पालवी जोरात असताना बदलायची. आणि सांगणारा दक्षिण गोलार्धातला असेल तर त्याचे ऋतूच आपल्या उलटे. त्यामुळे महिन्याचं नाव कधीच उचलायचं नाही, झाडाची अवस्था उचलायची.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची पारख: तेच झाड दोन वर्षांनी दाखवलंय का? बहुतेक व्हिडिओंत एका बैठकीत झाडाची निम्मी पालवी काढतात, उरलेल्या फांद्या तारेने वाकवतात, उथळ कुंडीत बसवतात, आणि शेवटच्या मिनिटाला झाड काय देखणं दिसतं! त्यानंतर ते जगलं का, ते कुणीच सांगत नाही. एकाच मोसमात मुळंही कापायची आणि पालाही उतरवायचा, हे नवशिक्याने करूच नये. एका वेळी एक घाव, मग विश्रांती. जो माणूस स्वतःची जुनी झाडं पुन्हा दाखवतो, त्याच्याकडून शिकावं. रानजाईने सुचवलेलं पहिलं नाव म्हणूनच मला पटलं.

निवांत_बसलेला

दगडफूल ताई, महिन्याचं नाव नाही, अवस्था उचलायची, हे वहीत लिहून घेतलं.

सुहास_वि

पुस्तकांबद्दल मी सांगतो, कारण माझा पिंड पुस्तकाचा आहे. व्हिडिओत जे लागतं तेच नेमकं सापडत नाही, पुस्तकात बोट ठेवून परत येता येतं.

जॉन नाका यांचं 'बोनसाय टेक्निक्स' मिळालं तर सोडू नका. पहिला भाग १९७३चा, दुसरा १९८२चा. कॅलिफोर्नियात शिकवता शिकवता तयार झालेला मजकूर आहे, म्हणून विद्यार्थी कुठे अडतो ते त्यांना नेमकं ठाऊक आहे. फांदी बाहेरच्या वळणावर का असावी, आतल्या वळणावर का खटकते, बुंधा वर जाताना निमुळता का हवा, हे सगळं रेखाचित्रांनी समजावलंय. त्यांचं 'गोशिन' हे जुनिपरचं (बारीक पाल्याचं सदाहरित झाड) वन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोनसाय संग्रहालयात आहे. अकरा नातवंडांसाठी अकरा झाडं. त्याची छायाचित्रं समोर ठेवून पुस्तक वाचलं की नियम कुठे पाळलाय आणि कुठे वाकवलाय ते दिसतं.

त्याहून जुनं म्हणजे युजी योशिमुरा आणि जोव्हाना हालफर्ड यांचं १९५७चं पुस्तक. इंग्रजी वाचकांना बोनसायची पद्धतशीर ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. पायरी-पायरीने शिकवण्याची शिस्त त्यात आहे.

अवखळ_वारा

सुहासकाका, आदर ठेवून असहमत. ही पुस्तकं थोर आहेत, पण नवशिक्याच्या हाती दिली की तो शैलींची नावं पाठ करत बसतो. पहिली फांदी एक तृतीयांश उंचीवर, झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट, समोरून डोळ्यात घुसणारी फांदी नको. नियम तोंडपाठ, आणि कुंडीतलं रोप मात्र पाण्याने कुजतंय. आधी झाड जोमदार वाढवायला शिकू दे, सौंदर्यशास्त्र नंतर.

शिवाय माती आणि खताची प्रकरणं तेव्हाच्या समजुतींवर आहेत. तेवढ्यासाठी नवं काही वाचावं. मायकल हेगडॉर्न यांचं २०२०चं 'बोनसाय हेरेसी' रूढ समजुती एकेक करून तपासतं. ते आधी वाचलं तर निम्मे व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

सुहास_वि

वाऱ्या, मातीचं मान्य. त्या प्रकरणांना जुनी म्हणूनच वाचायचं. पण आकाराचा विचार पहिल्या दिवसापासून हवा, यावर मी ठाम आहे. कुठल्या फांद्या शेवटी राहणार आहेत हे डोक्यात नसेल तर जोमदार वाढवून नुसतं झुडूप होईल. कुठली फांदी मोकाट सोडायची हेही आकार ठरल्याशिवाय कळत नाही.

अवखळ_वारा

हे मात्र खरं. अर्धा मुद्दा मागे घेतो. :)

खडकातला_उंबर

मातीचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो, कारण मुक्ताताईंचा 'खडी की माती' हा प्रश्न मुळातच महत्त्वाचा आहे आणि व्हिडिओंत त्याचं कारण क्वचितच सांगतात.

स्वयंपाकघरातला जाड आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. गळायचं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, आकारमान तेच, पण उंची वाढली आणि पाणी सुटलं. कुंडीतही हेच होतं. तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर कायम उरतो, आणि त्याची जाडी ठरते मातीच्या कणांवरून. कण बारीक तर थर जाड. कुंडी खोल असो की उथळ, थर तेवढाच. म्हणजे खोल कुंडीत तो तळाशी पडून राहतो आणि वरची मुळं सुखात असतात. बोनसायच्या उथळ कुंडीत मात्र तोच थर जवळजवळ वरपर्यंत येतो. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

म्हणून खडी. अकाडामा (जपानची दाणेदार माती), प्युमिस आणि लाव्हा (दोन्ही ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे) ही नावं ऐकली असतील. काम सगळ्यांचं एकच, कणांमध्ये हवा राहावी आणि कणांच्या आत थोडं पाणी राहावं. साधारण दोन ते सहा मिलिमीटरचे कण, आणि खालची भुकटी चाळून टाकलेली. भुकटी राहिली तर सगळं मुसळ केरात. ही नावाजलेली द्रव्यं नाही मिळाली तर विटांचे चाळलेले तुकडे, परलाइट (हलके पांढरे दाणे), थोडं कोकोपीट असं मिश्रण चालतं. अशा मिश्रणात पाणी जास्त वेळा द्यावं लागतं आणि खत नियमित लागतं, कारण त्यात अन्न जवळजवळ नसतंच.

मग बागेची माती वापरणाऱ्याचं झाड टवटवीत कसं? त्याची कुंडी खोल होती का ते बघा. वाढीच्या टप्प्यातलं झाड खोल कुंडीत असेल तर तशी माती काही काळ निभावते. दोघांची झाडं वेगवेगळ्या टप्प्यांत आहेत, एवढंच.

आणि तळाशी खड्यांचा वेगळा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, ओला थर उलट वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते.

रानजाई

स्पंज उभा करून बघितला. खरंच गळतं! घरातले सगळे बघायला जमले.

मुक्ता_के

उंबरदादा, कमाल समजावलंत. व्हिडिओत एक जण पाणी घातल्यावर कुंडी तिरकी करून धरतो, ते का, हे आत्ता कळलं.

खडकातला_उंबर

बरोब्बर. कुंडी तिरकी केली की उंची वाढते आणि जास्तीचं पाणी सुटतं. झाड नाजूक असेल किंवा पाऊस संततधार असेल तर एका बाजूला लाकडाचा तुकडा सरकवून कुंडी कलती ठेवायची.

सावली_७

मला एक मुळातलंच विचारायचं आहे. जे झाड आभाळाला भिडू शकतं त्याची मुळं छाटून, तारा गुंडाळून त्याला वीतभर ठेवायचं, हे कुणाला क्रूर वाटत नाही का? भांडायला आलेले नाही. मनापासून विचारतेय.

दगडफूल

सावली, प्रश्न रास्त आहे. उपाशी ठेवून खुजं केलेलं झाड बोनसाय होत नाही, ते फक्त मरतुकडं होतं. चांगल्या बोनसायला भरपूर ऊन, खत, पाणी आणि दर काही वर्षांनी नवी माती लागते. जुनी गुंतलेली मुळं कापली की नवी कोवळी मुळं फुटतात, आणि तीच पाणी शोषतात. कुंडीत वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली नेहमीची झाडं मुळांच्या गुंत्यात घुसमटतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५पासून तो घडवला जातोय. १९४५ साली तो हिरोशिमात होता, बॉम्ब पडला त्या जागेपासून अवघ्या तीनेक किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत. भिंतीच्या आडोशामुळे वाचला. १९७६मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला, आणि हिरोशिमाची हकिकत तिथल्या लोकांना कळली ती थेट २००१मध्ये, त्यांचे नातू झाड बघायला आले तेव्हा. जवळजवळ चारशे वर्षं माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी त्याला रोज पाणी घातलंय. याला मी क्रूरता म्हणू शकत नाही.

सावली_७

ही गोष्ट माहीत नव्हती. वाचून अंगावर काटा आला. तारेबद्दल अजून मन कचरतं, पण उत्तराबद्दल आभार.

मातीचे_हात

मूळ प्रश्नाकडे येऊ या. मुक्ताताई, जात निवडताना जपून. शिकायला फायकस सगळ्यात उत्तम. बोडक्या लाकडावरूनही नवी फूट येते, त्यामुळे छाटणी थोडी जास्त झाली तरी झाड पुन्हा संधी देतं. फांदी जिथे कापाल तिथून कुठे डोळे फुटतात हे डोळ्यांदेखत शिकता येतं. दुसरं जेड, तेच छोट्या गोल पानांचं. त्याची फांदी कापल्यावर लगेच लावायची नाही, काप सुकू द्यायचा, आणि लावल्यावर पाण्याची घाई करायची नाही. पाणी विसरणाऱ्यांसाठी फार गुणी झाड.

जुनिपर दिसायला मोहात पाडतं, छायाचित्रांत सगळीकडे तेच असतं. पण ते घरात ठेवायचं झाड नाही, त्याला बाहेरचं ऊनवारं आणि थंडीतली विश्रांती हवी. शिवाय ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. पान तपकिरी होऊन आपल्याला कळतं तेव्हा कारण शोधायला फार उशीर झालेला असतो. आपली चूक लगेच न दाखवणारं झाड शिकवायला कच्चं. आणि त्याच्या हिरवा पाला नसलेल्या फांदीवर सहसा नवी फूटही येत नाही.

'बोनसायचं बी' म्हणून जे विकतात त्याच्या नादी लागू नका. असं वेगळं बी नसतंच. साध्या झाडाचंच बी, आणि त्यातून बुंधा जाड व्हायला वर्षं जातात.

निवांत_बसलेला

बुंधा जाड करायचा तर लहान कुंडीत ठेवून होत नाही का? मला वाटायचं आधी बोनसायची कुंडी, मग वय झालं की आपोआप जाड.

मातीचे_हात

नाही हो. बहुतेकांचा गाडा इथेच अडतो. उथळ कुंडीत गेलं की वाढ मंदावते. ती कुंडी शेवटच्या टप्प्याची, फांद्या बारीक आणि दाट करण्यासाठी. जाडी हवी असेल तर जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत झाडाला मोकाट वाढू द्यायचं. बुंध्याची जाडी पानांनी बनवलेल्या अन्नातून येते. म्हणून खालची एखादी फांदी मुद्दाम लांबच लांब वाढू देतात, ती बुंध्याला पोसते, आणि जाडी आली की ती कापून टाकतात. जखम मागच्या बाजूला येईल अशीच फांदी निवडायची.

मुक्ताताईंच्या बाल्कनीत जमीन नाही, तर भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली वापरा. मुळाचं टोक भोकापाशी येऊन हवेत सुकतं, मग मागून अनेक बारीक मुळं फुटतात. गोल गोल फिरणारी जाड मुळं होत नाहीत.

अवखळ_वारा

+१. आणि एकच झाड घेऊन बसू नका. एकच असलं की रोज त्याला काहीतरी करावंसं वाटतं. चार-पाच रोपं असली की हात एकावर, बाकीच्यांना आराम.

सुहास_वि

याला माझंही अनुमोदन. मी त्यात एक भर घालीन: दर महिन्याला एकाच कोनातून प्रत्येक झाडाचा फोटो आणि खाली दोन ओळी, काय कापलं, किती दिवसांनी फूट आली. आपल्या हवामानाचं, आपल्या बाल्कनीचं पुस्तक कुणीच लिहिलेलं नसतं, ते असंच तयार होतं.

आणि मोठी झाडं बघा. म्हातारा वड, उघड्या माळावरचं एकटं झाड. जुन्या झाडाच्या खालच्या फांद्या वजनाने खाली झुकलेल्या असतात, मुळं जमिनीवर पसरून बुंध्याला धरून असतात. कागद-पेन्सिल घेऊन ढोबळ का होईना, चितारा. तार कुठल्या दिशेला वाकवायची ते तिथे कळतं.

मुक्ता_के

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं असं ठरतंय: दोन फायकस, दोन जेड, सगळी टोपल्यांत. पहिलं वर्ष फक्त माती, पाणी, ऊन आणि फोटो. व्हिडिओंमध्ये फक्त 'बोनसाय झोन', फायकसचेच. हेगडॉर्न आधी, नाका रात्री थोडं थोडं, सुहासकाकांसाठी. :)

एकच उरलं. तार पहिल्या वर्षी लावूच नको का? हात शिवशिवतात.

दगडफूल

लाव की. फायकसच्या एखाद्या कोवळ्या फांदीवर लाव. सुरुवातीला अॅल्युमिनियमची घे, मऊ असते आणि बसवायला सोपी. तांब्याची तार पाइन-जुनिपरवाले वापरतात, ती कमी जाडीतही जास्त धरते, पण हात बसलेला लागतो. फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाड तार, साधारण ४५ अंशाच्या कोनात, फांदीला टेकून पण आवळून नाही. आणि तार लावायच्या आधी मेलेल्या, कापून काढलेल्या डहाळ्यांवर सराव कर.

फायकस झपाट्याने वाढतं, त्यामुळे तार काही आठवड्यांतच सालीत रुतायला लागते. दर दोन-चार दिवसांनी बघत जा. रुतायची चिन्हं दिसली की तुकडे कापून काढ, उलगडत बसू नकोस, डोळे मोडतात.

रानजाई

आणि वाकवायच्या आदल्या दिवशी पाणी जरा कमी दे. पाण्याने टम्म फुगलेली फांदी पटकन मोडते.

मुक्ता_के

डहाळ्यांवर सराव आजपासूनच. रोपं आली की फोटो टाकते, नेबारी का काय म्हणतात ती मुळांची पसरण पहिल्या दिवशी कशी आहे ते तुम्हीच बघून सांगा.

मातीचे_हात

टाका. वरची माती बोटाने जरा बाजूला सारून काढा फोटो. रोपवाटिकेतली रोपं बऱ्याचदा खोल लावलेली असतात, खरी मुळं दोन बोटं खाली सापडतात.